जाळ्याबाहेरच्या संगणकांचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबवली. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी यंत्रे आदल्या दिवशीसारखीच सुरू झाली. फरक पडला तो एवढाच, की त्या तारखेनंतर या प्रणालीत जी भगदाडे सापडतील ती बुजवण्याची जबाबदारी, पैसे मोजून किंवा काही अटी मान्य करून मिळणारी मुदतवाढ सोडली तर, कोणाचीच उरली नाही. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी आमदार निधीतून किंवा कोण्या दानशूर कंपनीकडून शाळेला मिळालेल्या संगणकात यातले काहीच नसते.

अशा वेळी जाणकार मंडळी एका सुरात सल्ला देतात : लिनक्स टाका. सल्ला चांगला आहे आणि मीही तो अनेकांना दिला आहे. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालते, मराठी व्यवस्थित दाखवते आणि परवान्याची भीती नाही. पण हा सल्ला देणारा बहुधा अशा घरात बसलेला असतो जिथे इंटरनेट नळाच्या पाण्यासारखे येते. किंबहुना आपल्याकडच्या नळाच्या पाण्यापेक्षा जास्तच नियमित येते. लिनक्स टाकल्यानंतर काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. लिनक्समध्येही भगदाडे सापडतात, तीही बुजवावी लागतात आणि बुजवण्याचे साहित्य इंटरनेटवरूनच येते. ज्या संगणकाला इंटरनेट नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचायचे कसे?

असे संगणक किती, असे कोणी विचारील. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२४-२५ या वर्षी देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची. आदल्या वर्षी हे आकडे अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ होते. प्रगती आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही तीनांतली एकाहून अधिक शाळा आजही जाळ्याबाहेर आहे. शिवाय ‘इंटरनेट आहे’ या शब्दांत काय काय सामावते, हे गावोगावच्या शाळा पाहिलेल्याला सांगायला नको. कित्येक ठिकाणी ते इंटरनेट म्हणजे सरांच्या खिशातला मोबाइल असतो. सह्याद्रीच्या घाटाखालच्या एका शाळेत मी पाहिले, चौदा संगणक आणि सरांच्या फोनचा एक हॉटस्पॉट. चौदाही यंत्रांनी एकच अपडेट आपापले, स्वतंत्रपणे ओढायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या यंत्रापाशी त्या दिवसाचा डेटा संपला. “सर, हे एवढं खातं कसं?” असे त्यांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. जे एकदा घरात आणले ते चौदा वेळा का आणायचे?

भारतनेटचे जाळे गावागावांत जाईल तेव्हा हा प्रश्न मिटेल, असे म्हणता येईल. ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुधारित रूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांना मान्यता दिली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार येणे आणि ती वाडीवरच्या शाळेतल्या संगणकापर्यंत पोहोचून वर्षभर जिवंत राहणे यांत मात्र बरेच अंतर आहे. दरम्यान शाळेत पहिलीला आलेले मूल दहावी होऊन बाहेर पडते.

आता एक आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचा आधी विचार करू. ज्या संगणकाला इंटरनेटच नाही, त्याला धोका कसला? चोर यायचा तर रस्ता हवा. रस्ताच नाही तर कुलूप कशाला? वरवर पाहता हे पटते. पण ज्या यंत्राला इंटरनेट नाही, त्यात सगळी कामे पेन ड्राइव्हने होतात. निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, वरून आलेले तक्ते, सारे पेन ड्राइव्हवरून. तो पेन ड्राइव्ह तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलेला असतो आणि झेरॉक्सवाल्याच्या संगणकात कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह दिवसभर खुपसले जातात याची गणती नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणमधील नतांझच्या अणुकेंद्रात पोहोचला, तेव्हा तिथली यंत्रे बाहेरच्या जाळ्याला जोडलेलीच नव्हती. तो पेन ड्राइव्हसारख्या साधनांवरून आत शिरला, असेच मानले जाते. शाळेच्या संगणकावर कोणी असले शस्त्र डागणार नाही हे खरे. पण फुटकळ व्हायरसही त्याच वाटेने येतात.

आणि दुरुस्ती उपलब्ध असूनही न पोहोचल्याने काय होते, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालये ठप्प केली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. औषध दुकानात होते. रोग्याच्या घरी नव्हते. शिवाय अपडेट म्हणजे केवळ सुरक्षा नव्हे. जोडाक्षर नीट न दिसणे, नवा प्रिंटर न ओळखणे, लिबर ऑफिसमध्ये तक्ता उघडताना प्रोग्रॅम बंद पडणे या तक्रारींचीही औषधे त्यातच असतात.

लिनक्सच्या बाबतीत खरी गंमत इथून पुढे आहे. हे सॉफ्टवेअर इंटरनेटवाचून फिरवता यावे, अशीच त्याची मूळ घडण आहे. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून संपूर्ण लिनक्स उतरवून घेण्याचा विचार वेड्यानेही केला नसता. आपल्याकडे लिनक्स पसरले ते सीडीवरून. पीसी क्वेस्टसारख्या मासिकाच्या अंकाबरोबर सीडी यायची आणि एका सीडीवर दहा-पंधरा जण आपापले संगणक उभे करायचे. पुढे उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने शिप-इट नावाची योजना चालवली. पत्ता कळवला की जगात कुठेही टपालाने फुकट सीडी यायची. २०११ मध्ये ती बंद झाली. त्या पाकिटाची वाट पाहणारे विद्यार्थी आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सच्या नामांकित वितरणाची स्थिर आवृत्ती आजही डिस्कच्या रूपात मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा त्याचा सुटा भाग, आपली सगळी माहिती बरोबर घेऊन आलेला, नीट बांधलेला गठ्ठा.

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या भाऊबंदांत ही पॅकेजे आणण्याचे काम ॲप्ट नावाची व्यवस्था करते. आणलेले गठ्ठे ती हार्ड डिस्कवरच्या एका ठरलेल्या कोठारात ठेवते, तिथून उचलून बसवते. कोठारातले गठ्ठे बसवून झाल्यावरही शाबूत राहू शकतात, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या संगणकाला तेच गठ्ठे जसेच्या तसे चालतात. हिशेब सोपा आहे. समजा, प्रयोगशाळेत २० संगणक आहेत आणि या महिन्याचे अपडेट ४०० एमबीचे आहे. प्रत्येकाने वेगळे ओढले तर ८ जीबी. एकाने ओढून बाकीच्यांना वाटले तर ४०० एमबी. जिथे थोडेफार इंटरनेट आहे तिथे तर पेन ड्राइव्हचीही गरज नाही. ॲप्ट-कॅशर-एनजी नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर बसवायचा आणि बाकीच्यांना सांगायचे की जे मागायचे ते याच्याकडे मागा. पहिल्याने मागितले की तो बाहेरून आणतो आणि ठेवून घेतो. दुसऱ्याने मागितले की घरातले देतो. घाटाखालच्या त्या शाळेला एवढ्याने पुरले असते.

जिथे इंटरनेट अजिबात नाही, तिथे लोक सर्रास एक आडवाट धरतात. इंटरनेट असलेल्या संगणकाच्या कोठारातले सगळे गठ्ठे पेन ड्राइव्हवर घ्यायचे, शाळेत न्यायचे आणि डीपीकेजी या खालच्या पातळीवरच्या आज्ञेने एकदम बसवून टाकायचे. काम होते. पण या वाटेत एक खड्डा आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे, कारण साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे.

डेबियनच्या पद्धतीत प्रत्येक गठ्ठ्यावर स्वतंत्र सही नसते. सही असते ती एका यादीवर. भांडाराच्या मुख्य यादीवर डेबियनची डिजिटल सही. त्या यादीत उपयाद्यांचे ठसे. आणि उपयाद्यांत प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा. ठसा म्हणजे त्या फायलीच्या एकूण मजकुरावरून गणिताने काढलेली संख्या. आत एक अक्षर बदलले तरी संख्या बदलते. ॲप्ट आधी सही तपासते, मग यादी, मग गठ्ठा. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर माल आणि चलन यांची जोडी आहे, आणि खात्रीचा शिक्का चलनावर आहे. नुसते गठ्ठे पेन ड्राइव्हवर उचलून आणणारा माल आणतो, चलन मागे ठेवतो. मग वाटेत कोणी मालात भेसळ केली तर कळायला मार्ग नाही. उलट, याद्याही बरोबर आणल्या आणि ॲप्टकरवीच माल बसवला, तर तो कोणत्या रस्त्याने आला याला काहीच महत्त्व उरत नाही. तारेने येवो, एसटीच्या पार्सलने येवो की झेरॉक्सवाल्याच्या संगणकातून. विश्वास रस्त्यावर ठेवायचा नसून शिक्क्यावर ठेवायचा आहे, ही कल्पना डेबियनने २००७ च्या आवृत्तीपासून आपल्या व्यवस्थेत पक्की बसवली. ज्यांच्या नशिबी चांगला रस्ता नाही त्यांच्यासाठी याहून मोठी सोय दुसरी नाही.

ही जोडी न तुटता काम व्हावे म्हणून एक साधन आहे, ॲप्ट-ऑफलाइन. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने ते लिहिले, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. ज्या देशात वीज आणि तार दोन्ही बेभरवशाची होती तिथल्याच माणसाला हे सुचावे यात नवल नाही. जाळ्याबाहेरच्या संगणकावर ते चालवले की आपल्याला काय काय हवे याची चिठ्ठी तयार होते. चिठ्ठी पेन ड्राइव्हवर घेऊन इंटरनेट असलेल्या संगणकाकडे जायचे. तो विंडोजचा असला तरी चालतो. तिथे चिठ्ठीप्रमाणे माल आणि याद्या दोन्ही एका पुडक्यात बांधल्या जातात. परत येऊन पुडके सोडायचे. सह्या तपासल्या जातात आणि मग माल आत घेतला जातो. किराणा दुकानात यादी पाठवून सामान मागवण्याचाच हा प्रकार आहे.

अर्थात शिक्का चोख असला तरी सारे निर्धोक होते असे नाही. सही माल कोणाचा हे सांगते. तो ताजा आहे का, हे सांगत नाही. कोणी जुन्या, पण खऱ्या सहीच्या याद्याच वर्षभर पुढे करत राहिला तर संगणक समजेल की नवे काही आलेच नाही. म्हणून डेबियनच्या सुरक्षा-भांडाराच्या यादीवर मुदत घातलेली असते, सुमारे आठवड्याची. शहरात ही मुदत कोणाच्या लक्षातही येत नाही. खेड्यात मात्र डिस्क पोहोचेपर्यंत यादी शिळी झालेली असते आणि ॲप्ट ती नाकारते. मुदतीची तपासणी बंद करता येते. पण मग तारीख पाहण्याचे काम माणसाकडे येते. याच्या नेमका उलटा अनुभव जुन्या संगणकांवर येतो. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो, प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाले की घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाते आणि ॲप्ट तक्रार करते की ही यादी अजून लागूच झालेली नाही! गुरुजी बिचारे इंटरनेटला दोष देतात. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल बदलला की काम होते.

शिक्का तपासणाऱ्यातच दोष निघाला तर? तेही घडून गेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्ये असे भगदाड सापडले, की वाटेत बसलेल्या माणसाला खोटा माल आत ढकलता यावा. आता दुरुस्ती आणायची तर ती याच सदोष ॲप्टने आणायची! तेव्हा डेबियनने आपल्या सूचनापत्रात, ज्यांना नेहमीच्या वाटेने सुरक्षितपणे दुरुस्ती आणता येणार नाही त्यांच्यासाठी, फायलींचे पत्ते आणि त्यांचे ठसे छापले : हाताने उतरवा, ठसा ताडून पाहा आणि बसवा. म्हणजे भर इंटरनेटमध्ये बसलेल्यांनाही त्या दिवशी जाळ्याबाहेरच्यांची रीत शिकावी लागली.

आणि सतत जोडलेले असणे म्हणजे सुरक्षित असणे, हा समजही आता तपासून घ्यायला हवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट विंडोजच्या सुमारे ८५ लाख संगणकांवर आपोआप जाऊन बसले आणि जगभर निळे पडदे झळकले. आपल्या विमानतळांवर इंडिगोच्या कर्मचाऱ्यांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या लिनक्समधील लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात कोणी तरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. तो चोरदरवाजा अगदी ताज्या, प्रायोगिक आवृत्त्यांत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. यावरून अपडेटच नकोत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण आलेला माल आधी एका यंत्रावर बसवून चार दिवस पाहावा आणि मग बाकीच्यांना द्यावा, ही चैन डिस्कवरून अपडेट करणाऱ्यालाच सहज परवडते.

इतके सगळे असताना वारे मात्र उलट्या दिशेने वाहत आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. ॲप्टचेच पाहा. ॲप्ट-गेट ही तिची जुनी आज्ञा गठ्ठे कोठारात राखून ठेवते. पण नव्या वापरकर्त्यांना जी सुटसुटीत ‘ॲप्ट’ ही आज्ञा शिकवली जाते, ती २०१६ पासून बसवून झालेले गठ्ठे आपोआप पुसून टाकते. एक ओळ बदलून हे थांबवता येते. मात्र ते ठाऊक असणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. फेडोराच्या डीएनएफमध्येही गठ्ठे राखून ठेवण्याची सोय मुळात बंद असते. डिस्कवरची जागा वाचते हे कारण दिले जाते. शहरातल्या माणसाला जागा महाग आणि डेटा स्वस्त. खेड्यात हेच गणित उलटे आहे. मूळ मांडणी कोणाचे गणित धरून केली जाते, ते यातून दिसते.

उबुंटू यापुढे एक पाऊल गेली. तिने स्नॅप नावाची नवी पद्धत आणली आणि २०२२ च्या दीर्घकालीन आवृत्तीपासून फायरफॉक्स ब्राउझर त्या पद्धतीनेच देऊ लागली. स्नॅप आपोआप अपडेट होतात आणि ते येतात एकाच कंपनीच्या दुकानातून. डेबियनच्या भांडाराची प्रत कोणीही, कुठेही ठेवू शकतो. विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी अशा प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. स्नॅपच्या दुकानाची तशी प्रत ठेवता येत नाही. एकेक स्नॅप त्याच्या सहीच्या कागदासह उतरवून दुसरीकडे नेता येतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण वीस प्रोग्रॅमांसाठी ते कोण करत बसणार? त्या मानाने फ्लॅटपॅक या दुसऱ्या नव्या पद्धतीच्या कर्त्यांनी भान राखले. पेन ड्राइव्हवर भांडार बनवून देण्याची आज्ञाच त्यांनी तिच्यात ठेवली आहे.

एक वस्तू म्हणून हातात येणारे सॉफ्टवेअर हळूहळू सेवा होत चालले आहे, आणि सेवा देणारा ती थांबवूही शकतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीची ईमेल आणि अन्य सेवा मायक्रोसॉफ्टने तडकाफडकी बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. वाडिनारसारखा मोठा शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला न्यायालयात जाणे परवडते. जिल्हा परिषदेच्या शाळेने कोणाच्या दारात जायचे? लिनक्सच्या परवान्याने प्रत काढून दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे. तो हक्क कागदावर राहिला आणि प्रत काढण्याची सोयच नाहीशी झाली, तर त्याला अर्थ काय?

जाळे आज आहे म्हणून उद्या असेलच, हेही आपल्या देशात गृहीत धरता येत नाही. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात अनिश्चित काळाची बंदी अमान्य ठरवली. तरी तिथे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होते. त्या काळातही तिथल्या रुग्णालयांत, बँकांत, महाविद्यालयांत संगणक होतेच आणि त्यांच्यातली भगदाडे आपोआप बुजत नव्हती. क्यूबाने या परिस्थितीशी फार पूर्वीच जुळवून घेतले. तिथे ‘एल पाकेते सेमानाल’, म्हणजे आठवड्याचे पुडके, या नावाने सुमारे एक टेराबाइट मजकूर दर आठवड्याला हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर असा देशभर फिरत आला आहे. मालिका, चित्रपट, गाणी, आणि त्यांच्याबरोबर मोबाइलचे प्रोग्रॅम व अँटिव्हायरसचे अपडेटही. सरकारने काढलेली ही योजना नव्हे. लोकांनी उभा केलेला धंदा आहे. आपल्याकडच्या केबलवाल्याची आठवण होते.

मग आपल्याकडे हे कोणी करायचे? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही डेबियनवर आधारलेली भारतीय लिनक्स काढली, तिच्यात मराठीसकट भारतीय भाषांची सोय केली. प्रणाली बनवण्याची क्षमता आहेच. केरळने तर त्याहून पुढे जाऊन दाखवले. २००१ मध्ये तिथे सुरू झालेला आयटी ॲट स्कूल हा उपक्रम, जो २०१७ पासून काइट या सरकारी कंपनीच्या रूपात चालतो, शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली तयार करतो. राज्यभर एकच प्रणाली, तिच्यात अभ्यासक्रमाला लागणारे सारे प्रोग्रॅम, शिक्षकांना तिचेच प्रशिक्षण आणि शाळाशाळांतून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे. सगळीकडे एकच प्रणाली असली की एक डिस्क सगळ्यांना चालते, हा त्याचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ. आपल्याकडे एकाच तालुक्यात चार देणगीदारांनी दिलेल्या चार जातींच्या यंत्रांवर चार प्रकारच्या प्रणाली असतात. तिथे कोणती डिस्क कोणाला चालणार? गठ्ठा त्याच आवृत्तीचा आणि त्याच जातीच्या प्रोसेसरचा लागतो. त्यातही ३२ बिटांची जुनी यंत्रे आता अधिकच अडचणीत आहेत, कारण तेराव्या आवृत्तीपासून डेबियनने त्यांच्यासाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर देणे बंद केले. ती यंत्रे निवृत्त करावीत असे मला वाटते. फुकट मिळाली म्हणून सांभाळत बसण्यात शिक्षकाचा वेळ जातो, आणि त्या वेळाची किंमत कोणी धरत नाही.

नवे खाते, नवे महामंडळ यांची गरज नाही. माल वाहून नेणारी यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे. दर महिन्याला केंद्र स्तरावर शिक्षण परिषद भरते, शिक्षक तिथे येतात. केंद्रप्रमुख शाळांना भेटी देतात. तालुक्याला गट साधन केंद्र आहे आणि तिथे बहुधा इंटरनेटही असते. त्या केंद्रात एका संगणकावर ठरलेल्या प्रणालीच्या भांडाराची निवडक प्रत ठेवायची, जी रात्री आपोआप ताजी होईल. संपूर्ण भांडार नको. शाळेला लागतात तेवढीच पॅकेजे, पण याद्यांसकट. बाहेर लावण्याची हार्ड डिस्क काही हजार रुपयांत मिळते. केंद्राला एक पुरे. शाळेतल्या एका संगणकाने तिच्यावरून आपले कोठार भरून घ्यायचे आणि बाकीच्यांनी त्या एका संगणकाकडून.

अडचण येईल ती शिस्तीची. डिस्क आली, कपाटात गेली आणि पुढच्या तपासणीच्या वेळी बाहेर निघाली, असे होऊ शकते. शाळांत धूळ खात पडलेले शैक्षणिक संच ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे पटेल. म्हणून डिस्कवर तारीख ठळक लिहिलेली हवी, सुरक्षा-यादीची मुदत तपासून घेण्याचे काम गट साधन केंद्राच्या तंत्रज्ञाकडे हवे, आणि जुनी डिस्क परत आल्याशिवाय नवी मिळणार नाही, असा सरळ नियम हवा. गॅसचा सिलिंडर आपण वर्षानुवर्षे याच रीतीने बदलत आलो आहोत.